दानाचा प्रवास : ओंजळीपासून हक्कापर्यंत

आपल्या निवासी विद्यालयासारख्या संस्थांच्या स्मरणिकेत देणगीदारांची नावे कृतज्ञतापूर्वक छापली जातात. ती छापली जावीत हे योग्यच आहे. परंतु अशा संस्थांच्या उभारणीत असेही असंख्य दाते असतात, ज्यांची नावे कोणत्याही फलकावर कोरली जात नाहीत. कोणी सातासमुद्रापलीकडच्या शहरात बस चालवतो, कोणी निवृत्त परिचारिका असते, कोणी विद्यार्थी असतो. त्यांच्या बँकखात्यातून दरमहा लहानशी रक्कम वळती होते आणि अनेक टप्पे ओलांडून एखाद्या मुलाच्या ताटातील भाकरी किंवा हातातील पुस्तक बनते.

या दात्यांविषयी विद्यार्थी आम्हांला दोन प्रश्न विचारतात. पहिला असा की, ज्यांनी आपल्याला कधी पाहिले नाही ती माणसे आपल्यासाठी पैसे का देतात? दुसरा प्रश्न थोडी मोठी मुले जरा संकोचाने विचारतात : दुसऱ्याच्या पैशावर शिकणे हे कमीपणाचे नाही काय? पहिला प्रश्न इतिहासाचा आहे, दुसरा स्वाभिमानाचा. दोहोंचे उत्तर शोधावयाचे तर देशोदेशींचे मदतकार्य दानावर कसे चालते, ते दान कोणत्या वाटेने जाते आणि वाटेत त्याचे काय होते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

१९१९ : तीन घटना

आंतरराष्ट्रीय मदतकार्याच्या इतिहासात १९१९ हे वर्ष महत्त्वाचे आहे. पहिले महायुद्ध थांबले होते. परंतु पराभूत राष्ट्रांची नाकेबंदी दोस्त राष्ट्रांनी चालूच ठेवली होती. ऑस्ट्रिया आणि जर्मनीतील मुले अन्नावाचून खंगत होती. एग्लंटाइन जेब या इंग्रज विदुषीने त्या उपाशी मुलांची छायाचित्रे असलेली पत्रके लंडनच्या ट्रफाल्गर चौकात वाटली. शत्रुराष्ट्राच्या मुलांचा कळवळा सरकारला मानवणारा नव्हता. परवानगीवाचून पत्रके वाटल्याबद्दल त्यांना अटक झाली आणि पाच पौंड दंड झाला. खटला संपल्यावर खुद्द सरकारी वकिलाने आपल्या खिशातून पाच पौंड काढून त्यांच्या हाती ठेवले, अशी नोंद आहे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये भरलेल्या सभेत ‘सेव्ह द चिल्ड्रन’ निधीची स्थापना झाली. शत्रूचे मूलही मूल आहे, हा विचार या निधीच्या मुळाशी होता.

जेब एवढ्यावर थांबल्या नाहीत. मुलाला अन्न मिळणे हा दात्याच्या मर्जीचा विषय नसून मुलाचा हक्क आहे, असे त्यांनी मांडले. त्यांनी तयार केलेला बालहक्कांचा मसुदा १९२४ साली राष्ट्रसंघाने जिनिव्हा येथे स्वीकारला. दयेपासून हक्कापर्यंतचा हा प्रवास अवघ्या पाच वर्षांचा होता.

याच १९१९ सालच्या जानेवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साउथबरो समितीपुढे साक्ष देऊन अस्पृश्यांसाठी मताधिकाराची आणि स्वतःच्या प्रतिनिधित्वाची मागणी केली. कोणी आपल्या वतीने दया दाखवावी, ही ती मागणी नव्हती. आणि त्याच वर्षी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला. पुढे या संस्थेच्या वसतिगृहांतून सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीत जेवू लागली. त्यांच्यासाठी ‘मुष्टिफंड’ उभा राहिला. घरोघरच्या स्त्रियांनी घरच्या धान्यातून एक मूठ वसतिगृहासाठी बाजूला काढायची, अशी ती साधी योजना होती. लंडनचे पाच पौंड आणि साताऱ्याकडची मूठभर ज्वारी यांत अंतर हजारो मैलांचे असले, तरी रीत एकच आहे. आपल्या घासातला काही भाग परक्या मुलासाठी काढून ठेवायचा, ही ती रीत होय.

थेंबांचे तळे

परदेशी मदत म्हटले की धनाढ्य उद्योगपती आपल्या डोळ्यांपुढे येतात. मोठ्या देणग्यांचे महत्त्व आहेच; तथापि अनेक मदतसंस्था लहान आणि नियमित देणग्यांवर उभ्या आहेत. युद्ध आणि रोगराईच्या प्रदेशांत काम करणारी ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही नोबेल पारितोषिकप्राप्त संस्था आपल्या उत्पन्नाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग खासगी दात्यांकडून मिळवते. त्यामुळेच कोणत्याही सरकारची मर्जी न सांभाळता ती रणभूमीच्या दोन्ही बाजूंच्या जखमींवर उपचार करू शकते.

बौद्ध जगतातील याचे ठळक उदाहरण तैवानमधील ‘त्झू ची’ या संस्थेचे आहे. १९६६ साली हुआलिएन येथे भिक्खुणी चेंग येन यांनी तीस गृहिणींना सोबत घेऊन हे काम सुरू केले. प्रत्येकीला बांबूची एक नळी दिली गेली. बाजारास जाण्यापूर्वी त्या नळीत दररोज पन्नास सेंट, म्हणजे तैवानी डॉलरचा अर्धा भाग, टाकायचा होता. महिन्याचे पैसे एकदम दिले तर चालणार नाही काय, अशी पृच्छा झाली. दररोज नाणे टाकले तर दररोज परोपकाराचा विचार मनात उठेल, असे त्यांचे उत्तर होते. त्या नळ्यांतून उभी राहिलेली संस्था १९९१ सालच्या बांगलादेशातील चक्रीवादळापासून देशाबाहेरील मदतकार्यात उतरली आणि आज जगाच्या कानाकोपऱ्यात पोहोचली आहे. तिचे स्वयंसेवक प्रवासखर्च स्वतः करतात आणि मदतीची वस्तू दोन्ही हातांनी, लवून देतात. घेणाऱ्याने आपल्याला देण्याची संधी दिली, म्हणून देणारेच त्याचे आभार मानतात.

आपल्या महाराष्ट्राशी थेट जोडलेले उदाहरण ब्रिटनमधील ‘करुणा ट्रस्ट’चे आहे. १९८० साली तेथील बौद्धांनी ‘एड फॉर इंडिया’ या नावाने हा न्यास स्थापन केला. त्याच सुमारास महाराष्ट्रात त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाचे काम आकार घेत होते. ‘बहुजन हिताय’च्या नावाने चाललेली वसतिगृहे, बालवाड्या आणि वस्त्यांतील आरोग्यसेवा यांना या न्यासाचे बळ मिळाले. निधी जमवण्याची त्यांची पद्धत ध्यानात घेण्याजोगी आहे. स्वयंसेवक काही आठवडे एका घरात एकत्र राहतात, ध्यान-साधना करतात आणि सायंकाळी अनोळखी लोकांची दारे ठोठावतात. भारतातील जातिव्यवस्था म्हणजे काय, शिक्षणाने काय बदलते, हे दारात उभे राहून समजावून सांगतात आणि दरमहा बँकेतून थोडी रक्कम देण्याची विनंती करतात. पुष्कळ दारे बंद होतात, काही उघडतात. ज्यांनी ती उघडली त्यांतील अनेकजण बौद्ध नव्हते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. माणसे देतात, कारण कोणीतरी त्यांच्या दाराशी जाऊन दुसऱ्या माणसाची हकिकत त्यांना सांगितलेली असते.

नियमित देणगीचे मोल एकरकमी देणगीहून निराळे असते. वसतिगृहातील मूल पाचवीत येते आणि दहावीपर्यंत राहते. एका वर्षी लाखाची देणगी आली आणि पुढच्या वर्षी काहीच आले नाही, तर त्या मुलाला अर्ध्यावर घरी धाडावे लागेल. दरमहाचे दहा पौंड संस्थेला सहा वर्षांचे वचन देण्याचे बळ देतात. ब्रिटनमध्ये त्यात ‘गिफ्ट एड’ या सवलतीची भर पडते. प्राप्तिकर भरणाऱ्या दात्याने दहा पौंड दिले, तर त्यावर भरलेल्या कराचा हिशेब धरून सरकार संस्थेला आणखी अडीच पौंड देते. दात्याला जादा काही मोजावे लागत नाही; पोहोचतात मात्र साडेबारा पौंड.

तातडीची मदत आणि विकासकार्य

दान दोन प्रकारच्या कामांना लागते. भूकंप, पूर वा युद्धात जीव वाचवणे ही तातडीची मदत होय. शाळा, पाणी, आरोग्य, उपजीविका ही दीर्घकाळची विकासकार्ये होत. पहिल्या कामासाठी लोक चटकन देतात, कारण दूरचित्रवाणीवर दृश्ये दिसतात. दुसऱ्याची दृश्ये नसतात. मूल दहा वर्षे शाळेत जात राहिले, याची बातमी होत नाही.

२६ डिसेंबर २००४ रोजी हिंदी महासागरात त्सुनामी उसळली आणि डझनभर देशांत दोन लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. जगभरातून दानाचा ओघ लागला. ब्रिटनमधील मदतसंस्थांच्या संयुक्त आवाहनाला एकट्या त्या देशातून ३९ कोटी पौंडांहून अधिक प्रतिसाद मिळाला. आठवड्याभरातच ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ने जाहीर केले की, त्सुनामीग्रस्तांसाठी आम्ही करू शकतो त्या कामापुरता निधी जमला आहे, आता या नावाने पैसे पाठवू नका. आलेला जादा निधी इतर संकटांत वापरू द्यावा, अशी विनंती संस्थेने दात्यांना केली आणि बहुतेकांनी ती मान्य केली. त्या वेळी सुदानच्या दार्फुर प्रांतात लाखो माणसे यादवीने निर्वासित झाली होती. पण तिकडे कॅमेरे अपुरे होते. विशिष्ट कारणासाठी दिलेला पैसा संस्थेला दुसरीकडे वळवता येत नाही. म्हणून जाणता दाता संकटाचे नाव घालून हात बांधत नाही. संस्थेची पारख करून तिला मोकळा निधी देतो.

वस्तूंच्या दानातही हा विवेक हवा. त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, नागपट्टिनम परिसरात, ट्रक भरभरून जुने कपडे आले. ते रस्त्याकडेला ढिगाने पडून राहिले. सर्वस्व गमावलेल्या कोळी कुटुंबांनाही दुसऱ्याचे उतरलेले कपडे अंगावर घालणे नको होते. आपल्या घरातील अडगळ बाहेर काढणे आणि दान करणे या भिन्न गोष्टी आहेत. बाजार चालू असेल तेथे रोख रक्कम देणे श्रेयस्कर, हे मदतसंस्था अलीकडच्या काळात अधिकाधिक मानू लागल्या आहेत. काय घ्यावे हे घेणाऱ्याला कळते, हा विश्वास त्यामागे आहे.

शेवटची दहा पावले

आता आम्ही या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे वळतो. लंडन वा तैपेईहून निघालेले दान हजारो मैल बिनअडथळा येते. त्याची खरी परीक्षा गावाच्या वेशीपासून माणसाच्या झोपडीपर्यंतच्या शेवटच्या दहा पावलांत होते.

त्सुनामीच्या वेळी नागपट्टिनमच्या किनाऱ्यावर हेच दिसले. अनेक मदतशिबिरांत दलित कुटुंबांना इतरांबरोबर राहू दिले गेले नाही. काही ठिकाणी त्यांना पाण्याच्या टाकीला हात लावू दिला गेला नाही. मदतीच्या यादीत त्यांची नावे मागे राहिली, असे मानवी हक्क संघटनांनी नोंदवून ठेवले. बुडालेल्या होडीचा मालक नुकसानग्रस्त ठरला; त्या होडीवरील मासळी वाहून पोट भरणारा भूमिहीन मजूर सहजी यादीत बसेना, कारण त्याच्या नावावर बुडण्यासारखे काही नव्हतेच. पाठवणाऱ्याच्या मनात भेदभाव नव्हता. तरीही मदत जुन्याच उतरंडीने खाली झिरपली. सर्वांना सारखे वाटा, एवढे म्हणून भागत नाही. वाटप कोणाच्या दारात होते, यादी कोण करतो, रांगेत शेवटी कोण उभा आहे, हे विचारावे लागते. समाजाची रचना विषम असेल, तर डोळे मिटून केलेले दान त्या विषमतेलाच पाणी घालते.

बाबासाहेबांच्या जीवनातही याचा दाखला आहे. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. ती शिष्यवृत्ती नसती तर पुढचा इतिहास निराळा झाला असता. परंतु १९१७ साली तेच उच्चविद्याविभूषित आंबेडकर बडोद्यात नोकरीस आले, तेव्हा त्या नगरीत त्यांना राहावयास घर मिळेना. दानाने विद्या दिली. माणुसकीचे स्थान देणे दानाच्या आवाक्यात नव्हते. त्यासाठी संघर्ष करावा लागला. म्हणूनच आम्ही म्हणतो की, ज्या मदतकार्यात वंचितांचे स्वतःचे कार्यकर्ते निर्णय घेतात, ज्यात वसतिगृहाचा व्यवस्थापक त्याच वस्तीतून वर आलेला असतो, तेथेच दानाची शेवटची दहा पावले सरळ पडतात.

हिशेब आणि विश्वास

भारतात परदेशी देणगी स्वीकारण्यासाठी ‘विदेशी अंशदान नियमन कायदा’ आहे. पहिला कायदा १९७६ सालचा, सध्याचा २०१० सालचा आणि त्यातील महत्त्वाची सुधारणा २०२० सालची. नोंदणी पाच वर्षांसाठी मिळते व नंतर नूतनीकरण करावे लागते. परदेशातून येणारी प्रत्येक रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच जमा व्हावी लागते. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पूर्वी ५० टक्के होती, ती २० टक्क्यांवर आली. एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे सोपवता येत नाही. पूर्वी शहरातील मोठी संस्था निधी घेऊन खेड्यातील लहान मंडळास देऊ शके. ती वाट आता बंद आहे. लहान संस्थेला स्वतःची नोंदणी, लेखापाल आणि लेखापरीक्षण यांची तजवीज करावीच लागते.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे अगत्याचे वाटते. ‘माझा प्रत्येक रुपया थेट मुलाच्याच हातात गेला पाहिजे,’ असे काही दाते म्हणतात. भावना उत्तम आहे. पण मुलाचे ताट भरण्यासाठी स्वयंपाकीण लागते, गृहपाल लागतो, पावती फाडणारा कारकून लागतो, विजेचे बिल भरावे लागते. हा खर्च म्हणजे उधळपट्टी नव्हे. उधळपट्टी कोणती आणि गरज कोणती, हे सांगणारा चोख हिशेब मात्र संस्थेने मांडलाच पाहिजे.

विश्वासाचा प्रश्न पैशापुरताही नसतो. २०१० सालच्या भूकंपानंतर हैतीमध्ये काम करणाऱ्या ‘ऑक्सफॅम’ या ब्रिटिश संस्थेच्या काही कर्मचाऱ्यांनी केलेले लैंगिक गैरवर्तन २०१८ साली उघडकीस आले. काही दिवसांतच सुमारे सात हजार नियमित दात्यांनी आपली देणगी थांबवली. हीच संस्था १९४२ साली, नाकेबंदीत उपाशी मरणाऱ्या ग्रीक जनतेसाठी ऑक्सफर्डच्या नागरिकांनी उभारली होती. शहात्तर वर्षांच्या लौकिकाला मूठभर माणसांनी काळिमा फासला. देणाऱ्याकडून आलेला माणूस घेणाऱ्यापेक्षा बलवान असतो. त्या बळाचा दुरुपयोग झाला की मोठ्यातली मोठी संस्थाही कोसळू लागते. म्हणून पीडितांना तक्रार करता येईल अशी निर्भय वाट असणे, हे आता चांगल्या संस्थेचे लक्षण मानले जाते.

घेणारा हात देणारा होतो

आता विद्यार्थ्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. दानावर शिकणे कमीपणाचे नाही. शिक्षण हा तुमचा हक्क आहे. शतकानुशतके तो हिरावून घेतला गेला. दाता त्या हक्काच्या पूर्तीला हातभार लावतो. बौद्ध परंपरेत दान ही पहिली पारमिता मानली आहे आणि दहा पारमितांचे पालन बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत अंतर्भूत आहे. परतफेडीची अपेक्षा ठेवून दिलेले ते दान नव्हे, असा या पारमितेचा आशय आहे. दात्यापुढे मान खाली घालून उभे राहण्याचे तुम्हांला कारण नाही.

तथापि हक्क मिळाल्यावर जबाबदारी सुरू होते. २००८ साली म्यानमारच्या इरावती खोऱ्यात नर्गिस चक्रीवादळाने भातशेती उद्ध्वस्त केली. ‘त्झू ची’च्या स्वयंसेवकांनी तेथील शेतकऱ्यांना भाताचे बियाणे दिले. पीक हाती आल्यावर त्यांपैकी काही शेतकरी रोज मूठभर तांदूळ बाजूला काढून आपल्याहून गरीब घरांना देऊ लागले. आपला मुष्टिफंडच इरावतीच्या काठी पुन्हा जन्मला, असे आम्हांला वाटते. मदत यशस्वी झाली की नाही, याची याहून चांगली कसोटी आम्हांला ठाऊक नाही.

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी देण्याचा निश्चय करावयास सांगितले होते. श्रोत्यांत बहुसंख्य मजूर, गिरणी-कामगार, शेतमजूर होते. अशा गरीब माणसांकडे त्यांनी दान मागितले, यात मोठा अर्थ आहे. तुम्ही केवळ घेणारे नाही, देण्याची कुवत तुमच्यातही आहे, असे त्यांनी त्या समाजाला सांगितले.

परदेशी निधी कायमचा नसतो. कायदे बदलतात, तिकडची महागाई वाढते, दात्यांची पिढी बदलते. अशा वसतिगृहांतून शिकून शिक्षक, परिचारिका, अभियंते, अधिकारी झालेले माजी विद्यार्थी आज गावोगावी आहेत. त्यांनी वेतनाचा विसावा नव्हे, शंभरावा हिस्सा जरी दरमहा नियमाने बाजूला काढला, तरी पुढील मुलांच्या ताटाची चिंता पुष्कळ हलकी होईल. आणि उद्या बांगलादेशात पूर आला, आफ्रिकेत दुष्काळ पडला, तर त्या यादीतही आपली एक मूठ असावी. परक्या देशातील अनोळखी माणसाने आपल्यासाठी दार उघडले होते. आता दार ठोठावण्याची आणि दार उघडण्याची पाळी आपली आहे.